ब्रँड ओळख कशी बांधायची? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीबीए, बीकॉम, चित्रकला आणि डिझाइन शिकणाऱ्यांकडून ब्रँड ओळखीच्या प्रोजेक्टबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. पुण्या-मुंबईच्या नोट्समध्ये सगळं एकाच लिपीचं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे दुकानाची पाटी कन्नडात, गिऱ्हाईक मराठीत बोलणारं आणि पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत, त्यामुळे काम वेगळं पडतं. हवा तो प्रश्न सुटा वाचला तरी चालेल.

१. लोगो केला की ब्रँड ओळख झाली ना?

नाही. लोगो ही खूण. ओळखीत नाव, तीनही लिपींतली अक्षरं, रंग, पाकिटाचा आकार, पाटी, बिलबुक, व्हॉट्सअॅपवरचा डीपी आणि फोनवर बोलण्याची पद्धत एवढं सगळं येतं. गिऱ्हाइकाच्या मनात त्या धंद्याबद्दल जे मत तयार होतं तो ब्रँड. ते मत आपण काढू शकत नाही, फक्त त्याला वळण देऊ शकतो. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यात लोगोची एकही रेघ ओढू नका. तेव्हा काढलेला लोगो आवडून बसतो आणि मग पुढचं सगळं संशोधन त्याचं समर्थन शोधण्यात जातं. परीक्षकांना हे लगेच दिसतं.

२. प्रोजेक्टसाठी कोणता धंदा निवडू?

जिथे मालक तुम्हाला दोन-तीन वेळा काउंटरमागे उभं राहू देईल तो. शहापूर-वडगावचे साडी विणकर, खानापूरचे कुंभार, गोकाकचं करदंट किंवा लाकडी खेळणी, अथणी-निपाणीकडचे चप्पल कारागीर, उद्यमबागेतली फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना), कुंद्याचं (दुधाच्या मिठाईचं) दुकान, यातलं काहीही चालेल. फक्त काल्पनिक 'कॅफे' घेऊ नका. त्याला गिऱ्हाईक नसतं, म्हणून संशोधनही नसतं.

३. संशोधन म्हणजे गुगल फॉर्म करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा का?

वर्गातले शंभर जण कुंदा विकत घेणारे नव्हेत. ते तुमचे मित्र आहेत आणि 'छान आहे' लिहून मोकळे होतात. फॉर्म शेवटी ठेवा, एखादी गोष्ट किती जणांना लागू आहे हे मोजायला. सुरुवात तीन गोष्टींनी करा.

आधी निरीक्षण. दुकानात दोन वेळा, दोन-दोन तास थांबा, एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एकदा साध्या दिवशी. वहीत चार रकाने आखा: गिऱ्हाईक काय म्हणून मागतं, कोणत्या भाषेत, कशाकडे बोट दाखवतं, न घेता का परततं. 'अर्धा किलो कुंदा द्या' म्हणणारा आणि 'बाहेरगावी न्यायचाय, चांगलं पॅक करा' म्हणणारा ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. दुसऱ्यासाठी पाकीट हेच उत्पादन.

मग मुलाखती, आठ ते दहा पुरेत (प्रश्न ४). एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकांकडून तीच तीच उत्तरं यायला लागली की थांबा.

तिसरं, जुना पुरावा. मालकाकडची जुनी बिलबुकं, डबे, कॅलेंडरं मागा. 'तरुण भारत' १९१९ सालापासून बेळगावातून निघतं. वाचनालयात जुने अंक बघायला मिळाले तर त्यातल्या जाहिराती पाहा. ज्या दुकानाला 'जुनं' म्हणून मिरवायचं आहे त्याची तेव्हाची अक्षरं कशी होती ते तिथे सापडतं. नकली जुनाट फॉन्ट लावण्यापेक्षा ते बरं.

४. मुलाखतीत काय विचारायचं? आणि मराठीत की कन्नडात?

गिऱ्हाईक घरी ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत. कन्नड येत नसेल तर कन्नड बोलणारा वर्गमित्र सोबत न्या आणि गटात त्याचं नाव घाला, नुसतं दुभाष्या म्हणून राबवू नका. उत्तर ज्या शब्दांत आलं त्याच शब्दांत लिहा, पुस्तकी मराठीत सुधारू नका. पुढे जाहिरातीची ओळ बहुतेक वेळा याच शब्दांतून निघते.

'तुम्हाला आमचा रंग आवडेल का' असं विचारलं तर मान हलते, माहिती मिळत नाही. घडून गेलेलं विचारा: 'मागच्या वेळी कधी घेतला? कुणासाठी? आणखी कुठे बघितलं? घरी नेल्यावर कोण काय म्हणालं?' मालकाला विचारा: 'अण्णा, गिऱ्हाईक परत का येतं असं तुम्हाला वाटतं?' आणि मग तोच प्रश्न गिऱ्हाइकाला. दोन उत्तरांत फरक पडला की प्रोजेक्टचा विषय मिळाला.

रेकॉर्डिंग करण्याआधी परवानगी घ्या. अहवालात नाव न देता 'गृहिणी, वडगाव' एवढंच लिहा.

५. स्पर्धकांचा अभ्यास कसा मांडू?

गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ फिरून त्याच मालाची वीस तरी पाकिटं किंवा पाट्या एकाच कोनातून टिपा. प्रत्येकाचा मुख्य रंग, चित्र, कोणती लिपी सर्वांत मोठी, दावा काय ('शुद्ध', 'अस्सल', 'सन अमुक पासून') आणि किंमत असा तक्ता करा. मग सगळे फोटो एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापा. वीसपैकी चौदा लाल-पिवळे निघाले, तर लाल-पिवळा हा त्या मालाचा गणवेश आहे. तो मोडायचा की घालायचा हा निर्णय आता समजून-उमजून घेता येतो. पार वेगळा रंग घेतला तर मिठाईचं पाकीट औषधाचं वाटण्याचा धोका असतो, हेही तक्त्यावरूनच कळतं.

६. एवढी माहिती जमली, आता निष्कर्ष कसा काढू?

प्रत्येक निरीक्षण एका चिठ्ठीवर लिहून जमिनीवर पसरा आणि जवळच्या चिठ्ठ्या एकत्र सरकवा. ढीगांना नाव शेवटी द्या, आधी दिलंत की चिठ्ठ्या त्या नावात कोंबल्या जातात. मग एक वाक्य लिहा: 'अमुक गिऱ्हाइकासाठी, अमुक वेळी, हा माल अमुक कारणाने वेगळा आहे, आणि त्याचा पुरावा अमुक.' शेवटचा भाग रिकामा राहिला तर ते वाक्य टाकून द्या. 'दर्जेदार आणि विश्वासार्ह' असं लिहिलं असेल तर समोरच्या दुकानाचं नाव घालून वाचून बघा. तिथेही बसतं ना? मग ते तुमचं नाही.

७. नाव ठरवताना काय तपासायचं?

बोलून, लिहून आणि शोधून बघा. इथे लिपीचे काही सापळे आहेत, ते डिझाइननंतर कळले तर महाग पडतात.

'ळ' मराठीत आणि कन्नडात दोन्हीकडे आहे, इंग्रजीत नाही. 'काळा' आणि 'काला' तिथे एकच होतात. कन्नडात ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए'-'ओ' वेगळे लिहितात, मराठीत तो भेद नाही. म्हणून नावात ए किंवा ओ असेल तर कोणतं चिन्ह घ्यायचं ते कन्नड वाचणाऱ्याला मोठ्याने वाचायला लावून ठरवा. मराठीत 'सुगंध'मधला शेवटचा 'अ' आपण पुरता म्हणत नाही. कन्नडात अक्षर पायमोडकं केलं नाही तर वाचणारा तो पूर्ण उच्चारतो. यातलं काही चूक नाही, पण पाटी लागल्यावर कळू नये.

चाचणी सोपी आहे: नाव फोनवरून एकदाच सांगा आणि पलीकडच्याला लिहायला लावा. पाचांपैकी दोघांनी वेगळं लिहिलं तर नाव बदला.

८. 'बेळगाव' लिहू की 'बेळगावी'? गावाचं नाव ब्रँडमध्ये घालावं का?

१ नोव्हेंबर २०१४पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी आहे. लेबलवरचा पत्ता, परवाने, बँकेचे कागद यांत सरकारी नोंदीप्रमाणेच लिहा. वेगळं लिहिलं की कागदपत्रं जुळत नाहीत. जाहिरातीच्या मजकुरात कोणतं रूप वापरायचं हे मालकाने आणि गिऱ्हाइकाने ठरवायचं, तुमचं मत प्रोजेक्टमध्ये घुसवू नका. कोल्हापूर-पुण्याकडचं गिऱ्हाईक 'बेळगाव' ऐकून माल ओळखतं ही वस्तुस्थिती मुलाखतींत दिसली तर ती नोंदवा.

'बेळगाव कुंदा' हेच ब्रँडचं नाव मात्र ठेवू नका. मालाचा प्रकार आणि ठिकाण सांगणारे नुसते शब्द एकट्याच्या नावावर ट्रेडमार्क म्हणून सहसा मिळत नाहीत. ते शब्द खाली वर्णन म्हणून ठेवा, वर स्वतंत्र नाव घ्या.

९. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अक्षरं एकमेकांशी जुळत नाहीत. काय करू?

सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं. कारण ठरलेलं असतं: आधी इंग्रजी लोगो, मग त्याखाली मराठी, आणि शेवटच्या दिवशी डीटीपीवाल्याने नुडीत (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेलं कन्नड. तीनही लिपी पहिल्या दिवसापासून एकाच कागदावर काढा.

फॉन्ट एकाच कुटुंबातले घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट-संस्थेच्या 'अनेक' नावाच्या मालिकेत देवनागरी, कन्नड, लॅटिन सगळं आहे आणि वजनंही जुळतात. बलू मालिकेत मराठीसाठी बलू आणि कन्नडासाठी बलू तम्मा आहे, गोलसर आणि खाऊच्या पाकिटाला शोभणारी. नोटो सान्स दोन्ही लिपींत मिळते. ही तीनही मोफत आणि व्यावसायिक वापराला खुली आहेत. पुस्तकी, पारंपरिक चेहरा हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी आणि टिरो कन्नड बघा.

देवनागरी शिरोरेषेला लटकते, कन्नड गोल आहे आणि तिला सलग शिरोरेषा नाही. त्यामुळे पॉइंट साइज सारखी ठेवून दोन्ही सारख्या दिसत नाहीत. आकडा विसरा, उभ्या रेघेची जाडी डोळ्यांनी जुळवा. कन्नडात जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो ('अन्नपूर्णा' लिहून बघा), म्हणून खालच्या ओळीशी जास्त जागा सोडा. ही जागा आधी धरली नाही की पाटीच्या पत्र्यावर खालचं अक्षर कापलं जातं.

मराठीची स्वतःचीही एक भानगड आहे. बऱ्याच फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट मराठी वळण देतात. न दिल्यास फॉन्ट बदला. 'दऱ्या'मधला अर्धा र डोक्यावरचा रफार होऊन 'दर्या' झाला नाही ना, तेही तपासा.

१०. दुकानाच्या पाटीवर कन्नड किती लागतं?

कर्नाटकात २०२४च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक पाटीवर ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात हवं. पाटीची रचना यापासूनच सुरू करा: वर कन्नड, खालच्या ४० टक्क्यांत मराठी आणि इंग्रजी. चिन्ह असं काढा की ते कोणत्याच लिपीवर अवलंबून नसेल. म्हणजे खालची मराठी लहान झाली तरी लांबून दुकान ओळखू येतं. मराठी आद्याक्षराचा लोगो केला असेल तर तो इथे अडकतो.

११. स्क्रीनवरचा केशरी फ्लेक्सवर मळकट का होतो?

स्क्रीन प्रकाशाचे रंग दाखवते, छपाई चार शाईंची. भडक केशरी, पोपटी आणि गडद निळा चार शाईंत तसे येतच नाहीत. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये (याच चार शाईंच्या रंगांत) करा आणि पूर्ण बॅनरआधी फूटभर तुकडा छापून उन्हात धरून बघा.

खाकी कागदावर शाई मुरते आणि गडद होते. कुंद्याचा तपकिरी रंग, खाकी खोका आणि चॉकलेटी अक्षरं असं तिन्ही एकत्र आलं तर शेल्फवर काहीच दिसत नाही. शिवाय कुंद्यातला स्निग्धांश पुठ्ठ्यावर डाग पाडतो. आत बटर पेपर किंवा फॉइलचा थर धरून मापं घ्या आणि नमुना खोक्यात खरा माल भरून दोन दिवस ठेवा. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून एकरंगी लोगो आधीच तयार हवा. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रेघ कापडावर तुटते.

१२. लेबल फक्त मराठीत केलं तर चालेल? देवनागरीच आहे ना?

चालत नाही. पाकीटबंद मालावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला घालता येते, त्याच्या जागी नाही. कर्नाटकात तयार होणाऱ्या मालावर नाव आणि वापराच्या सूचना कन्नडातही द्यायच्या आहेत. म्हणजे छोट्याशा पाकिटावर तीन भाषा आल्या. म्हणून मागची बाजू आधी भरा, उरलेल्या जागेत पुढची सजावट करा.

निदान हे धरा: मालाचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति एकक किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. खाद्यपदार्थ असेल तर घटक, एक्सपायरी किंवा यूज बाय तारीख, हिरवा शाकाहारी ठिपका आणि १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांकही. काउंटरवर सुटी मिठाई विकली तरी १ ऑक्टोबर २०२०पासून ट्रेपाशी बेस्ट बिफोर तारीख लावावी लागते. ती छोटी पाटीसुद्धा ओळखीचाच भाग आहे, तिची डिझाइन कुणीच करत नाही.

१३. कॅनव्हावर किंवा एआयकडून लोगो केला तर?

सरावाला आणि कच्च्या आराखड्याला हरकत नाही. कॅनव्हाच्या साठ्यातलं तयार चित्र लाखो जण वापरतात आणि ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला कॅनव्हाचा परवाना नाही. एआयच्या चित्रात कन्नड-मराठी अक्षरं अनेकदा मोडकी येतात, आणि हक्क कुणाचा हा वाद वेगळाच. चिन्ह हाताने काढा, स्कॅन करून इंकस्केपमध्ये रेघा ओढा. इंकस्केप मोफत आहे.

१४. ट्रेडमार्क मुंबईत करायचा की चेन्नईत? खर्च किती?

धंदा कर्नाटकात असेल तर चेन्नई कार्यालय. निपाणीपासून कोल्हापूर कितीही जवळ असलं तरी मुंबई नाही. अर्ज ऑनलाइनच होतो, जावं लागत नाही. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. वर्ग एकूण ४५ आहेत: मिठाई आणि मसाले ३०, लोणचं २९, चप्पल आणि कपडे २५. लोणचं आणि मसाला दोन्ही विकायचे तर दोन वर्ग, दोन शुल्कं.

अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर मोफत शोध घ्या. स्पेलिंगने बघा, उच्चारानेही बघा. लोगो काळ्या-पांढऱ्यात नोंदवला तर संरक्षण सगळ्या रंगांना मिळतं. कन्नड अक्षरं असतील तर त्यांचं लिप्यंतर आणि अर्थ जोडावा लागतो. नोंदणी १० वर्षांची, पुढे वाढवता येते. टीएम हे चिन्ह नोंदणीशिवाय लावता येतं. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं कायद्याने चूक.

विद्यार्थी-प्रोजेक्टसाठी अर्ज करू नका. शोध-अहवाल जोडा, तेवढा पुरे.

१५. चप्पल अथणीत बनते. तिला 'कोल्हापुरी' म्हणता येतं का?

येतं, अटींसह. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांचं मिळून आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगावी, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे आठ जिल्हे त्यात आहेत. मानांकन लिडकॉम (महाराष्ट्र) आणि लिडकर (कर्नाटक) या दोन चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं आणि माल ठरलेल्या पद्धतीचा, वनस्पतीजन्य प्रक्रियेच्या चामड्याचा, हाताने केलेला हवा. रेक्झिनच्या चपलेवर तो टॅग लावता येत नाही.

डिझाइनच्या दृष्टीने 'कोल्हापुरी' हा सगळ्यांचा शब्द आहे, कुणा एकाचा ब्रँड होऊ शकत नाही (प्रश्न ८ प्रमाणेच). अथणीच्या कारागिराची ओळख त्याच्या स्वतःच्या नावावर आणि गावावर बांधा. अथणी दडवून ठेवण्याची सवय का पडली आहे ते मुलाखतीत जरूर विचारा. तिथे चांगला प्रोजेक्ट आहे.

१६. फाउंड्रीसारख्या धंद्याला ब्रँडची काय गरज? गिऱ्हाईक तर चार कंपन्या.

त्या चार कंपन्यांचे खरेदी अधिकारी बदलतात, आणि नवा माणूस कोटेशन, तपासणी-अहवाल आणि कास्टिंगवरची खूण बघून मत करतो. इथे पाकीट नाही, ओळख धातूत ओतायची असते. सँड कास्टिंगमध्ये (वाळूच्या साच्यात धातू ओतताना) अक्षरांच्या बंद पोकळ्यांतली वाळू तुटते आणि 'ठ', 'ब' किंवा गोल कन्नड अक्षर भरून जाऊन ठिपका होतो. जाड, उघड्या आकाराची, उतरत्या कडांची खूण काढा आणि पॅटर्नमेकरला (वाळूत साचा उमटवायचा नमुना करणाऱ्याला) दाखवा. पॅटर्नवर अक्षरं सुलटी असतात, प्रेशर डायमध्ये (धातूच्या कायम साच्यात) उलटी कोरतात. फाइल देताना कुठली हे लिहून द्या, नाहीतर आरशातलं नाव घेऊन माल बाहेर पडतो.

१७. लोगो पास झाला की नाही हे कसं तपासू?

नाण्याएवढा छापा, काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स काढा, झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा. तरी ओळखू आला पाहिजे. मग दहा अनोळखी लोकांना पाच सेकंद दाखवून 'हे दुकान काय विकत असेल' विचारा. दुसऱ्या दिवशी त्यांनाच आठवणीतून काढायला सांगा. जे दहाही जण विसरले ते काढून टाका. 'आवडला का' हा प्रश्न विचारूच नका.

१८. मामांच्या दुकानाचा लोगो करून दिला. हक्क कुणाचा? पैसे मागू का?

लेखी काही नसेल तर स्वतंत्रपणे केलेल्या चित्राचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचाच राहतो. मामांना ट्रेडमार्क करायचा असेल तर हा कॉपीराइट त्यांच्या नावावर लिहून सही करून द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत आणि प्रदेश घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पाच वर्षांनी भाच्याची परवानगी घ्यायला कुणाला आवडत नाही.

पैशांचं कामाआधी बोला, घरातलं असलं तरी. किती पर्याय, किती दुरुस्त्या आणि छपाईचा खर्च कुणाचा, हे तीन मुद्दे व्हॉट्सअॅपवर टाकून 'हो' घ्या. काम संपल्यावर एका फोल्डरमध्ये द्या: पीडीएफ आणि एसव्हीजी, इथल्या प्रेससाठी कोरल ड्रॉची फाइल (अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारात बदललेली, नाहीतर त्यांच्या मशीनवर फॉन्ट बदलतो), पारदर्शक पीएनजी, एकरंगी प्रत, रंगांचे सीएमवायके आकडे आणि कापण्यासाठी चारही बाजूंनी ३ मिमी जादा सोडलेलं लेबल. मूळ, अक्षरं कर्व्ह न केलेली फाइल स्वतःकडे ठेवा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात किंमत बदलायला फोन येतो तो तुम्हालाच.